पारधीचे भय आणि हरणांच्या वाटा

दरवर्षी १३ ऑक्टोबरला आपल्यापैकी पुष्कळजण कोपरगावहून येवल्याला जातात. १९३५ साली त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे धर्मांतराची घोषणा केली आणि ती भूमी मुक्तिभूमी झाली. अभिवादन करून बहुतेकजण त्याच नगर-मनमाड रस्त्याने परततात. येवल्याहून नांदगावच्या अंगाने थोडे पुढे गेले, की राजापूर आणि ममदापूर या गावांचा उंचसखल माळ लागतो. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ, झाडोरा विरळ. पण त्या माळावर काळविटांचे कळप आहेत. त्यांच्यासाठी सुमारे ५४ चौरस किलोमीटरचा मुलूख शासनाने संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केला आहे.

त्या भागातून आमच्या वसतिगृहात शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीने विज्ञानाच्या तासाला एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, "राखीव माळावर हरणे भर दिवसा उभी दिसतात. आमच्या शिवारात दिवसा एकही दिसत नाही, आणि सकाळी हरभऱ्यात खुरांचे ठसे मात्र असतात. ती हरणे निराळी आहेत का?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर शोधताना आम्हांला बरेच वाचावे लागले, पुष्कळ शेतकरी पालकांशी बोलावे लागले. जे उमगले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधवांपुढे ठेवीत आहोत. उत्तर थोडक्यात असे, की हरणे निराळी नाहीत. निराळा असतो तो त्यांना आलेला माणसाचा अनुभव.

काळविटाचा स्वभाव

काळवीट हा मोकळ्या माळाचा प्राणी आहे. दाट झाडीत तो सहसा राहत नाही. डोळ्यांनी दूरवर पाहणे, कळपात राहून अनेकांच्या नजरेचा लाभ घेणे आणि धोका दिसताच वेगाने पळणे, ही त्याची संरक्षणाची तीन साधने होत. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग गाठणारा हा प्राणी लपण्यासाठी घडलेलाच नाही. संकटाची चाहूल लागताच कळपातील एखादी मादी सरळ वर उडी घेते, मग दुसरी, मग तिसरी. आणि क्षणात सगळा कळप उधळतो. माळावर ज्यांनी हे दृश्य पाहिले आहे, त्यांना ते विसरता येत नाही.

त्याच्या दिवसाची वाटणीही ठरलेली असते. सकाळी आणि सायंकाळी चरणे, ऊन चढले की बसून रवंथ करणे. गाय-बैल पाळणाऱ्याला रवंथाचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. खाल्लेला चारा अंगी लागायचा तर जनावराला निवांत बसू द्यावे लागते. मादी पाडसाला जन्म देते, तेव्हा पहिले काही दिवस त्याला गवतात लपवून ठेवते आणि दूध पाजण्यापुरती त्याच्याजवळ येते. पाडस हालचाल न करता पडून राहते. नर आपापल्या जागा धरून असतात आणि लेंड्यांचे ढीग व डोळ्यांजवळील ग्रंथींचा गंध यांनी त्या जागांच्या खुणा राखतात. म्हणजे आपल्याला जो ओसाड माळ वाटतो, तो काळविटाच्या दृष्टीने चराईच्या, विसाव्याच्या, पाडसांच्या आणि नरांच्या जागांमध्ये विभागलेला, नीट मांडलेला संसार असतो.

ही मांडणी शिकारीमुळे विस्कटते. कशी विस्कटते, याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो आपल्याकडे नव्हे, तर उत्तर अमेरिकेत, एल्क नावाच्या हरणावर.

एल्क काय शिकवतो

एल्क हे आपल्या सांबराच्या कुळातील, सांबराहूनही मोठे हरीण. त्याची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची शिंगे आयुष्यभर टिकतात. कूळ वेगळे, देश वेगळा. तरीही दोघे कळपाने राहणारे, चरणारे आणि माणसाच्या शिकारीला शतकानुशतके तोंड दिलेले प्राणी आहेत. अमेरिका आणि कॅनडात एल्कची शिकार कायद्याने ठरलेल्या हंगामात, परवाना घेऊन करता येते. त्यामुळे शिकारीआधी, शिकारीच्या काळात आणि नंतर तोच प्राणी कसा वागतो, हे तेथील संशोधकांना मोजता येते. ते एल्कच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठिकाण कळवणारा पट्टा बांधतात आणि त्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतात.

या नोंदींतून पहिली गोष्ट दिसली ती जागेची. हंगाम सुरू होताच अनेक ठिकाणचे एल्क सार्वजनिक जंगल सोडून, जेथे मालक शिकारीला परवानगी देत नाही अशा खाजगी कुरणांत जाऊन राहतात. कुंपणाच्या अलीकडे गोळी आणि पलीकडे अभय, हा भेद त्यांना कळतो. नकाशा ते वाचत नाहीत. कोठे सोबती पडला आणि कोठे नाही, हे मात्र त्यांच्या ध्यानात राहते.

दुसरी गोष्ट चालण्याची. भ्यालेला प्राणी अधिक पळेल, असे आपल्याला वाटते. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की जे एल्क अधिक हिंडत होते आणि मोकळ्यावर वावरत होते तेच शिकाऱ्यांच्या हाती अधिक लागले. जे कमी हलले आणि आडोशाला राहिले ते वाचले. त्याच प्रदेशातील २०१७ सालच्या अभ्यासाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. एल्कच्या माद्या वय वाढेल तशा शिकतात. शिकारीच्या काळात चाल मंदावतात, रस्त्याजवळ आल्या तर झाडीचा आणि दुर्गम उताराचा आश्रय घेतात. दहा वर्षांपुढची मादी शिकाऱ्याच्या हाती जवळजवळ लागतच नाही.

येथे दोन प्रक्रिया एकाच वेळी चालतात, त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. धीट प्राणी आधी मारले जातात, म्हणून कळपात सावध प्राण्यांचे प्रमाण आपोआप वाढते. ही निवड झाली. आणि जो वाचतो तो अनुभवातून शहाणा होतो. हे शिक्षण झाले. मादीमागून चालणारे पाडस तिच्याच वाटांनी चालते, तिला ज्याचे भय त्याचे भय बाळगायला शिकते. म्हणून शिकार थांबली तरी भय त्याच दिवशी थांबत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात सहा खंडांतील ६२ सस्तन प्राण्यांवरील ७६ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माणसाचा वावर वाढला की प्राण्यांची रात्रीची हालचाल सरासरी १.३६ पट होते. जो प्राणी एरवी निम्मा वेळ दिवसा आणि निम्मा वेळ रात्री वावरतो, तो माणसाच्या सान्निध्यात सुमारे ६८ टक्के वावर रात्रीकडे ढकलतो. विशेष म्हणजे माणूस शिकारीला आला आहे की नुसता फिरायला, याने या परिणामात फारसा फरक पडला नाही. प्राण्याच्या लेखी माणूस हाच धोका ठरतो.

आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. तिच्या शिवारातील हरणांनी दिवस माणसाला सोडून दिला आहे आणि रात्र स्वतःकडे घेतली आहे.

आपल्या मुलखातील पारध

काळविटावर पारधीचा दबाव आजकालचा नाही. बादशहांच्या आणि संस्थानिकांच्या काळात पाळलेले चित्ते काळविटांवर सोडले जात. कोल्हापूर संस्थानातील अशा शिकारी प्रसिद्ध होत्या. पुढे बंदूक आली, मोटार आली, रात्री डोळे दिपवणारा झोत आला. तो चित्ताही आपल्या देशातून नाहीसा झाला आणि १९५२ साली तसे जाहीर करण्यात आले. काळवीट मागे उरला, तोही विखुरलेल्या माळांवर.

पारध म्हटले की बोट एका जमातीकडे दाखवण्याची आपल्याकडे रीत आहे. फासेपारधी फास लावीत आणि गायपारधी जनावराच्या आडोशाने कळपाजवळ जात, हे खरे. हरीण कोणत्या वाटेने उधळेल हे अचूक जाणल्याखेरीज फास लावताच येत नाही. भयाच्या वाटांचे ज्ञान पुस्तकात येण्याआधी त्यांच्यापाशी होते. पण ते पोटासाठी होते. राजेरजवाड्यांची शिकार शौर्य ठरली आणि पारध्याच्या माथी मात्र १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायद्याने पुसला गेला, मनांतून अद्याप पुसला गेला नाही. जन्मावरून माणसाला दोषी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला निराळे सांगायला नको. आज माळावर कळपाला जो त्रास होतो, त्याचा दोष एका जातीजमातीवर ढकलता येणार नाही. मोटारसायकलवरून गंमत म्हणून कळपामागे लागणारी तरुण मुले आपल्याच घरांतली असतात, आणि मोकाट कुत्रीही आपल्याच गावांची.

कोपरगावच्या भूगोलाचाही यात वाटा आहे. गोदावरीच्या दोन्ही तीरांवर कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने आले. उंच वाढलेल्या उसात काळविटाला दूरचे दिसत नाही, म्हणून तो तेथून मागे हटला आणि कोरडवाहू माळावर राहिला. बिबट्याचे याच्या उलट झाले. त्याला दडायचे असते. उसाने त्याला दडण्याची जागा दिली. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटर शेतीमुलखात सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. पट्टा बांधलेल्या बिबट्यांच्या पुढील अभ्यासात ते रात्री घरांच्या जवळ येतात आणि दिवसा दूर राहतात असे दिसले. काळवीट आणि बिबट्या, एक चरणारा आणि एक मारणारा. तरी दोघांनीही माणसाला टाळण्यासाठी रात्रच निवडली आहे.

न मारताही होणारी हानी

"आम्ही मारीत नाही, नुसते पळवतो," असे काही पालक म्हणाले. हे म्हणणे प्रामाणिक आहे. पण त्यातील 'नुसते' हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील बेटांवर चिमण्यांच्या जातीच्या एका गाणाऱ्या पक्ष्यावर केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. घरट्यांभोवती जाळी आणि विजेचे कुंपण लावून खऱ्या शत्रूंना पूर्ण अटकाव केला होता. मग काही घरट्यांजवळ शिकारी प्राण्यांचे आवाज ध्वनिवर्धकावरून ऐकवले, काहींजवळ निरुपद्रवी आवाज. भीतीचे आवाज ऐकणाऱ्या पक्ष्यांची त्या वर्षातील पिले ४० टक्क्यांनी कमी झाली. शत्रू त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. केवळ भयाने एवढे केले.

काळविटाच्या बाबतीत हे कसे घडत असेल, याची कल्पना वर सांगितलेल्या दिनक्रमावरून करता येते. वारंवार उठवलेल्या कळपाचे चरणे तुटते, रवंथ तुटतो. पाडस गवतात आणि आई दोन मैलांवर, अशी ताटातूट होते. लांबवर पाठलाग झालेले हरीण हाती लागले नाही तरी अतिश्रमाने आणि घाबरण्याने त्याचे स्नायू आतून निकामी होतात, आणि ते काही वेळाने किंवा काही दिवसांनी मरते. पाठलाग करणारा तोवर घरी पोहोचलेला असतो. आपल्या हातून हत्या झाली हे त्याला कळतही नाही.

शिवाय काळविटाचा सगळा भरवसा नजरेवर. त्याला रात्रीकडे ढकलणे म्हणजे त्याचे सर्वांत मोठे शस्त्र काढून घेणे. अंधारात उधळलेला कळप बिनकठड्याच्या विहिरीत पडतो, रस्त्यावर वाहनाखाली येतो, कुत्र्यांच्या तावडीत सापडतो. उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण सुरू झाली की येवला, वैजापूर भागांतून अशा बातम्या येतात.

आणि यात शेतकऱ्याचाही तोटा आहे. दिवसा माळावर शांतपणे चरू न शकलेला कळप रात्री भुकेलेला शेतात उतरतो. एका शेतातून पिटाळला की शेजारच्या शेतात जातो. खाण्याने जेवढे जाते त्याहून अधिक उधळलेल्या खुरांखाली जाते. हुसकावण्याने नुकसान संपत नाही, त्याची जागा आणि वेळ तेवढी बदलते.

कायदा आणि शिलालेख

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांचा कारावास आणि दंड आहे. परंतु त्या कायद्यात शिकार या शब्दाची जी व्याख्या आहे, ती फार थोड्यांनी वाचलेली असते. ठार मारणे किंवा विष घालणे एवढ्यावर ती थांबत नाही. पकडणे, पाठलाग करणे, फास लावणे, सापळा लावणे, हाका घालणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व शिकारीत मोडते. संशोधकांनी पट्टे बांधून जे मोजले, ते कायद्याने आधीच ओळखले होते, की भयाची सुरुवात पाठलागापासून होते.

या विचाराची मुळे आपल्या भूमीत खोल गेली आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या लेखाचा आशय असा, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, तीत मृगया आणि तशीच करमणूक असे. अशोकाने मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला जाऊन धम्मयात्रा सुरू केली. ज्या राजाने शिकारीची सहल थांबवली, त्याचा हा लेख महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोरला गेला होता, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे.

अभय आणि पीक

सारनाथचा मृगदाय आपल्या सर्वांना ठाऊक आहे. हरणांना अभय असलेल्या त्या वनात धम्मचक्र प्रवर्तन झाले. निग्रोधमृग जातकाची कथाही विद्यालयात आम्ही सांगतो. पण तिचा शेवट बहुधा सांगितला जात नाही.

वाराणसीच्या राजाला रोज मृगमांस लागे. त्याच्या शिकारीसाठी गावकऱ्यांना कामधंदा सोडून हाका घालावा लागे, म्हणून त्यांनी हरणांचे दोन कळप एका उद्यानात कोंडून दिले. धनुष्य दिसताच हरणे जिवाच्या आकांताने धावत; एक मरे आणि अनेक जखमी होत. तेव्हा कळपांनी पाळी लावून घेतली. एका गाभण हरिणीची पाळी आली, तिच्या जागी मृगराज निग्रोध स्वतः उभा राहिला, आणि राजाने सर्वांना अभय दिले. येथवर कथा सर्वांना पाठ असते. पुढे असे होते, की निर्भय झालेली हरणे लोकांची पिके खाऊ लागतात. लोक राजाकडे तक्रार घेऊन जातात. राजा दिलेले वचन मोडायला तयार होत नाही. मग निग्रोध आपल्या कळपाला पिकापासून आवरतो, आणि शेतकरी कुंपण न घालता शेताच्या कडेला पानांची खूण बांधतात. खूण दिसली की हरीण मागे वळते.

जातककथा हा शास्त्रीय पुरावा नव्हे, आणि प्रत्येक गोष्ट अनुभवाने पारखून घ्यावी हीच आपली शिकवण आहे. तरीही अभय दिल्यावर पिकाचा प्रश्न उभा राहतो, हे त्या कथाकाराने लपवले नाही, याचे आम्हांला मोल वाटते. ज्याचे चार एकरांचे हरभऱ्याचे पीक गेले, त्याला करुणेचा उपदेश करून भागत नाही. त्याची भरपाई आधी झाली पाहिजे.

म्हणून जे करता येण्याजोगे आहे ते येथे नमूद करतो. हरणांनी पिकाचे नुकसान केल्यास महाराष्ट्र शासन भरपाई देते. विलंब न करता वनविभागाकडे अर्ज करावा आणि पंचनामा करून घ्यावा. जखमी किंवा विहिरीत पडलेल्या प्राण्यासाठी वनविभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे ग्रामपंचायतीत आहेत, त्यांनी शिवारातील उघड्या विहिरींना कठडे बांधण्याचे आणि मोकाट कुत्र्यांना आवरण्याचे काम हाती घ्यावे. हरणांना शेतापासून दूर ठेवायचे तर ती आत शिरण्यापूर्वी बांधावर माणूस उभा असावा आणि माळाकडची बाजू मोकळी सोडावी. आत शिरल्यावर चारी बाजूंनी आरडाओरड करून, दिवे मारून त्यांच्यामागे धावू नये. आणि माळाचा काही भाग तरी दिवसा निवांत राहू द्यावा. दिवसा पोट भरलेल्या हरणाला रात्री शेतात उतरण्याचे कारण कमी उरते.

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य केवळ २१७ हेक्टरांचे आहे. १९८० साली ते घोषित झाले. एवढ्याशा जागेत आज काळवीट दिवसा, माणसाच्या नजरेसमोर चरताना दिसतात. शिकलेले भय विसरता येते. त्यासाठी त्याच जागी, अनेक ऋतू, एकही माणूस मागे न लागण्याचा अनुभव प्राण्याला यावा लागतो.

त्या विद्यार्थिनीला आम्ही हेच सांगितले, आणि एक काम दिले. सुटीत घरी गेल्यावर हरणे कोणत्या वेळी दिसतात, माणूस किती अंतरावर आला की उठतात, हे वहीत लिहून ठेवायचे. आमचे हे गृहकार्य आता माजी विद्यार्थ्यांनाही आहे. आपल्या गावच्या माळावर हरणे दिवसा दिसू लागली आणि उठण्याचे अंतर वर्षागणिक कमी होऊ लागले, तर आम्हांला अवश्य कळवा. गावाचे वागणे बदलले, याची ती पहिली नोंद असेल.